पात्याचं पाणी

सुरी घरी आली तेव्हा ती तव्यासारखी काळी होती, हाताला खरखरीत.

नागपुरात पारडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दिवाळीनंतर गाडी लोहारांची दोन-तीन पालं पडतात आणि पावसाच्या तोंडावर उठतात. बाई घण मारते, माणूस सांडशीत लोखंड धरून बसतो, पोरगं भट्टीचा पंखा फिरवतं. चादरीवर विळे, कुऱ्हाडी, खुरपी, झारे मांडलेले असतात. कॉलेजला जाता-येता मी हे कित्येक वर्षं पाहत आले आहे. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मे महिन्यात सुट्टी लागली, त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे गाडी थांबवली आणि म्हटलं, भाजी चिरायला एक सुरी करून द्या, सात इंच पात्याची.

त्यानं मागच्या ढिगातून ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा ओढून काढला. "याची करतो ताई. उद्या संध्याकाळी या." साडेचारशे रुपये ठरले. दुसऱ्या दिवशी गेले तर सुरी तयार होती. बाभळीची मूठ, दोन रिव्हेट, आणि पात्यावर दोन्ही बाजूंनी घणाचे ठोके जसेच्या तसे.

घरी बाबांच्या हातात दिली. बाबा ८१ वर्षांचे आहेत. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली, नॅरोगेजच्या गाड्यांवर. आता काचबिंदूनं नजर बरीच गेली आहे आणि उजवा हात थरथरतो. त्यांनी सुरी डोळ्यांजवळ नेली नाही. बोटानं पाठीवरून टोकापर्यंत गेले, मग नखानं पातं वाजवून कानाजवळ धरलं.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "पण अंगावर काम नाही झालं याच्या."

नवतपा लागला होता. नागपुरात त्या नऊ दिवसांत दुपारी बारा ते पाच माणूस घराबाहेर पडत नाही. दारं-खिडक्या लावायच्या, कुलरमध्ये पाणी भरायचं, पडून राहायचं. बाबांना दुपारी झोप लागत नाही. रेडिओ ऐकून कंटाळतात, पेपर वाचता येत नाही. मी म्हटलं, बाबा, आपण करू अंगावरचं काम. तुम्ही सांगा, मी हात चालवते.

या सुरीच्या पोलादात क्रोमियम जवळजवळ नसतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. त्याचा एक अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो आणि खालच्या लोखंडाला हवेपासून, पाण्यापासून झाकून ठेवतो. कमानीच्या पोलादात असतो तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर कार्बन, शिवाय सिलिकॉन, मँगनीज. एवढासा कार्बन, पण तापवून झटकन बुडवलं की तोच त्याला कठीण करतो. या बुडवण्याला आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. लोहार तेलात बुडवत असला तरी शब्द पाणीच. धार लावण्याला पाजवणं म्हणतात. आजी पावशी, म्हणजे विळी, 'पाजवून आण' म्हणायची, तेव्हा मला वाटायचं की लोखंडाला खरंच तहान लागत असेल. माणसाचंही आपण पाणी जोखतो. मोत्याला पाणी असतं. हे सगळे शब्द मला आधीपासून माहीत होते, पण ते एका ठिकाणी येऊन बसले ते या उन्हाळ्यात, डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून, बाबांच्या समोर.

पहिलं काम कीट काढायचं. भट्टीतून निघालेल्या लोखंडावर जी काळी खपली असते ती कीट. ती पॉलिश पेपरनं काढायला गेलं तर कागदच संपतात. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये उभं ठेवलं. सकाळी खपली बोटानं सुटून आली, काळा गाळ बरणीच्या तळाशी. खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारलं, पुसलं, तेल लावलं. आता पातं करड्या रंगाचं होतं आणि त्यावर काय काय घडलं आहे ते दिसायला लागलं.

बाबांनी माळ्यावरची त्यांची लोखंडी पेटी काढायला लावली. तीत कानशी होत्या, प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी एक बारीक दातांची कानस माझ्या हातात दिली आणि म्हणाले, पाठीकडून सुरू कर, हळूहळू धारेकडे ये, आणि आवाज ऐक. पाठीजवळ कानस लागत होती. खर्र खर्र आवाज, चंदेरी भुसा. मी खाली सरकत गेले. धारेपासून बोटभर अंतरावर आले आणि एकदम कानस घसरली, काचेवरून घसरावी तशी. आवाज बदलला, बारीक झाला, वर चढला.

"थांब," बाबा म्हणाले. "इथपर्यंत पाणी आहे. त्यानं फक्त धार बुडवली, पाठ नाही. पाठ नरम ठेवली त्यानं, म्हणजे आपटली तरी तुटत नाही."

त्यांनी माझं बोट धरून पात्यावर एक जागा दाखवली. मला तिथे काहीच दिसलं नाही, सगळं करडं होतं.

कठीण भागावर कानस चालणार नाही म्हटल्यावर पुढचं सगळं कागदाचं काम. इतवारीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून कागद आणले. दुकानदार वॉटर पेपर म्हणतो, बाबा पाणी कागद म्हणतात. ओला करून घासायचा म्हणून. १२०, २२०, ४००, ६००, ८००, १०००. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. २२०चा कण साधारण ६८ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा, ४००चा ३५, १०००चा १८. काळ्या पाणी कागदावरचे हे कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. एडवर्ड अ‍ॅचिसन नावाच्या अमेरिकन माणसाला १८९१ मध्ये ते विजेच्या भट्टीत हाती लागलं. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडमचं काहीतरी मिश्रण आहे, म्हणून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. त्याचा अंदाज चुकला होता, नाव मात्र राहिलं. आणि कोरंडम म्हणजे आपला कुरुंद, तो कठीण खनिज दगड. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, तिथूनच तो शब्द इंग्रजीत गेला. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात कुरुंद जमिनीत सापडतो. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कागदाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवत राहिले, जणू तिथे काही छापलेलं असेल.

त्याच दुकानात कुणीतरी म्हणालं होतं, कशाला हातानं करता, मशीनवर बफ मारून पाच मिनिटांत चमकवून देतो. बाबांनी हे ऐकून मान जोरात हलवली. मशीनवर पातं तापतं, आणि पातळ धार सगळ्यांत आधी तापते. साधारण २२० अंशांना घासलेल्या पोलादावर पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेवर निळा दिसला की पाणी उतरलं. लोहारानं भट्टीसमोर बसून जे दिलं ते पाच मिनिटांत गेलं. वरून सुरी लखलखीत दिसणार, पण चार दिवसांत टोमॅटोची साल कापायची नाही. हातानं घासलं तर पातं जास्तीत जास्त हाताएवढं गरम होतं.

आता २२०बद्दल सांगते, कारण सगळा उन्हाळा त्यातच गेला असं मला वाटतं.

घासणं म्हणजे गुळगुळीत करणं, असं मी समजत होते. ते तसं नाही. प्रत्येक कागद पात्यावर ओरखडेच काढतो. फरक एवढाच की नवा कागद आधीच्यापेक्षा उथळ ओरखडे काढतो, आणि आधीच्या खोल ओरखड्यांच्या तळापर्यंत पोचल्याशिवाय ते जात नाहीत. म्हणून बाबांनी नियम घालून दिला: एक कागद आडवा चालवायचा, पुढचा तिरपा, त्याच्या पुढचा उलटा तिरपा. दिशा बदलली की आधीच्या कागदाची उरलेली रेघ लगेच उघडी पडते. कागद बोटानं दाबून घासायचा नाही, सागवानी ठोकळ्याला गुंडाळायचा. बोट मऊ असतं, खड्ड्यात शिरतं आणि पात्यावर लाटा तयार होतात. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे, काळं झालं की पुसायचं. कागदाचे दात गेले की टाकून द्यायचा, कंजुषी करायची नाही.

१२०चे ओरखडे २२०नं काढायला मला सहा दुपारी लागल्या. दर अर्ध्या तासानं मी पातं पुसून बाबांकडे द्यायची. ते ट्यूबलाइटकडे तोंड करून बसायचे, पण बघायचे नाहीत. अंगठ्याचं नख पात्यावर आडवं ठेवून अगदी हळू ओढायचे. नख कुठे अडलं की थांबायचे.

"इथं आहे. मुठीजवळ. अजून रेघ लागून राहिली."

मी भिंगातून पाहायची आणि तिथे खरंच रेघ असायची. मुठीजवळ नेहमीच असते, कारण तिथे ठोकळा नीट फिरत नाही आणि आपण कंटाळून सोडून देतो. दोनदा असं झालं की मी ६००वर पोचले होते, पात्यात माझ्या बांगड्या दिसायला लागल्या होत्या, आणि त्या धुरकट आरशात मधोमध एक जाड रेघ उभी राहिली. २२०ची. वरवर ६००नं कितीही घासलं तरी ती जाणार नव्हती. मागे जावं लागलं, २२०वर, संपूर्ण बाजू पुन्हा. एका रेघेसाठी अख्खी बाजू का, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, तेवढीच जागा घासशील तर तिथं खड्डा होईल, आणि खड्डा रेघेपेक्षा जास्त दिसतो.

मोतीबागला ते काय करत होते ते मला खरं तर या दुपारींतच कळलं. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा तेलाचा वास आणि आवाज, एवढंच लक्षात राहिलं होतं. चाकाच्या आसावर बसणारं व्हाइट मेटल नावाच्या मऊ धातूचं बेअरिंग हातानं खरवडून बसवायचं असे. आसाला निळा रंग लावायचा, बेअरिंग बसवून थोडं फिरवायचं, काढायचं. जिथे निळा लागला तो उंचवटा. तो पटाशीसारख्या खरवडणीनं कणभर उतरवायचा. पुन्हा निळा, पुन्हा बसवायचं. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. मग ते बेअरिंग तेलात, खोक्यात बंद होऊन ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून छिंदवाड्याकडे नाहीतर नागभीडकडे निघून जायचं. त्यांनी आयुष्यभर जे अंग घासून नीट केलं ते पुन्हा कुणाच्याही नजरेला पडलं नाही. पडलं असतं तर बिघाड झाला आहे असाच त्याचा अर्थ. छिंदवाड्याची ती लाइन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. मोतीबागेत आता नॅरोगेजचं संग्रहालय आहे. मी बाबांना तिथे दोनदा नेलं आहे. लोक इंजिनासमोर उभे राहून फोटो काढतात. बाबा दोन्ही वेळा वाकून चाकांच्या मागे हात घालत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक चूक झाली. ८००चं काम संपवून मी पातं तसंच टेबलावर ठेवलं, तेल न लावता, कुलरच्या झोतासमोर. बाहेरची हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते, त्यामुळे गंजाचा विचारच मनात आला नाही. पण कुलर लावलेल्या बंद खोलीत ऋतू वेगळा असतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो गार वारा पाण्यानं भरलेला असतो. सकाळी पाहिलं तर पात्यावर तांबूस ठिपके, आणि टोकाजवळ, मी पातं धरायची तिथे, माझ्या अंगठ्याचा ठसा. पूर्ण ठसा, रेषारेषांसकट, गंजात उमटलेला. घामात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जिथे जिथे माझी त्वचा टेकली होती तिथे तिथे लोखंड रात्रभर जळत राहिलं. हे सगळं मी मुलांना शिकवते. तरी त्या सकाळी पातं हातात घेऊन मी रडवेली झाले होते.

अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या माणसांची दफनं. त्यांनी मृतांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरले. पेंच नदीच्या काठच्या नायकुंडला तर खनिजातून लोखंड काढायची भट्टीच उत्खननात मिळाली. म्हणजे या जमिनीवर भट्टीपुढे बसून पात्याला आकार देणारं माणूस तेव्हाही होतं, आणि कुणीतरी ते पातं दगडावर घासत बसलेलं असणार. उत्खननातून येणारं असलं लोखंड सुजलेलं, पापुद्रे सुटलेलं, मातीच्या रंगाचं असतं. अंगठ्याचा तो ठसा पाहताना मला तेच आठवलं. एवढ्या वेळाचं काम इथे एका रात्रीत सुरू झालं होतं.

ठसा ४००पर्यंत मागे जाऊन काढावा लागला. तेव्हापासून पात्याला हात लावण्याआधी मी हात धुते, आणि उठताना खोबरेल तेलाचं बोट फिरवते.

मृग लागून गेला, दोन सरी आल्या, आणि १०००चा कागद संपत आला. शेवटचे हात पात्याच्या लांबीनं द्यायचे, मुठीपासून टोकाकडे, एकाच दिशेनं, मागे-पुढे नाही. सगळ्या रेषा एका बाजूला झोपल्या. मी पातं साबणानं धुतलं, पुसलं, आणि बाबांनी सांगितलं तसं त्यावर अर्धं लिंबू फिरवलं. अर्धा मिनिट ठेवून पुन्हा धुतलं.

खिडकीशी नेऊन तिरकं केलं आणि ती दिसली. धारेपासून बोटभर वर, मुठीपासून टोकापर्यंत गेलेली एक कड. सरळ नाही, कुठे चढलेली, कुठे उतरलेली, टोकाजवळ जरा वर उचललेली. खाली पोलाद एका रंगाचं, वर दुसऱ्या, आणि मध्ये पावसाळी ढगाच्या काठासारखी दुधी पट्टी. लोहारानं तापलेलं पातं बुडवलं तेव्हा तेल जिथपर्यंत चढलं होतं ती ही जागा. तिथे त्याचा हात थोडा हलला असेल तोही त्या उंचसखल रेषेत तसाच राहिला होता. एका श्वासाएवढं ते काम, आणि ते कीटाखाली, ओरखड्यांखाली सगळा वेळ होतं. लिंबाचं आम्ल कठीण आणि नरम पोलादाला वेगवेगळं खातं, म्हणून ते उघडं पडलं. हे कारण मला ठाऊक आहे. तरी मी खिडकीशी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

बाबांना हाक मारली. त्यांनी पातं डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, दिव्याकडे फिरवलं. इतका बारीक फरक त्यांच्या डोळ्यांना आता कळत नाही. नख फिरवलं, पण तिथे नखाला लागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेवढ्यासाठीच तर आम्ही महिनाभर बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचं बोट धरून रेषेवर ठेवणार, तेवढ्यात त्यांनीच बोट ठेवलं.

"इथून जात असेल," ते म्हणाले.

बरोबर तिथेच होती. कानस घसरली होती ती जागा त्यांनी महिनाभर लक्षात ठेवली होती.

मला पुढे जायचं होतं. १५००, २०००, मग कापडावर पॉलिशची पेस्ट, आरशासारखं होईपर्यंत. बाबा नको म्हणाले. भाजी चिरायच्या पात्याला १००० पुष्कळ झालं. पाठीजवळ घणाचे दोन ठोके अजून खोलगट राहिले होते, तेही मला काढायचे होते. एक ठोका काढायचा तर बाकीचं सगळं पातं त्या खोलीपर्यंत खाली आणावं लागतं. तेवढं पोलाद गेलं की पाठ पातळ होणार. आणि ते ठोके त्या बाईचे होते. घण तिनंच मारला होता. ते दोन्ही तसेच आहेत. कांदा चिरताना माझं तर्जनीचं टोक त्यातल्या एकात आपोआप जाऊन बसतं.

पहिली चिरली ती कैरी. उशिराची, पावसात गळालेली, शेजारच्यांनी दिलेली. पाचव्या-सहाव्या फोडीला पात्यावर निळसर करडी छटा चढायला लागली, आणि लोखंडाचा तो वास, ओल्या नाण्यासारखा. मी घाईनं पुसायला गेले, निघेना. मग स्वतःला आठवण करून दिली की हा तांबडा गंज नव्हे. हा काळा ऑक्साइड, घट्ट चिकटून बसणारा, तांबड्या गंजाला थोडीफार तरी अडवणारा. लोखंड स्वतःसाठी जे पांघरूण विणू शकतं ते हे. आता दर आठवड्याला ते गडद होतं आहे. वांग्यानं काळं, कांद्यानं तपकिरी, आणि हिवाळ्यात संत्र्याची साल काढताना रसाचे ओघळ जिथून गेले तिथे फिकट वाटा. ती दुधी कड या सगळ्याखाली आहे आणि तिरकी धरली की अजून दिसते.

दिवाळीनंतर पालं परत पडली. एका सकाळी सुरी पेपरात गुंडाळून मी तिथे गेले. माणूस भट्टीशी होता. बाईनं घण खाली टेकवला, हात लुगड्याला पुसले आणि पातं घेतलं. आधी तिनं अंगठ्यानं धार पाहिली, मग मूठ हलवून रिव्हेट पाहिले. "पाणी टिकलं ना?" तिनं विचारलं. मी टिकलं म्हटलं, आणि ती कड कुठे बघायची ते दाखवलं. हे लोक सुरी काळीच देतात. घासून, लिंबू लावून पाहत बसायला त्यांना वेळ कुठला.

तिनं पातं उन्हात धरलं, जरा तिरकं केलं, आणखी थोडं केलं. मग मान न वळवता नवऱ्याला हाक मारली. त्यानं सांडशी ठेवली आणि उठून आला. पंखा फिरवणारं पोरगंही थांबलं.